सीव्हीची गोधडी झालीये, आता कंपनी काढू का?

या वेळचं पत्र लाइपझिगहून आलंय, जर्मनीतून. बरंच लांबलचक आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. लिहिणारी ३९ वर्षांची, माहेर सांगलीजवळच्या गावात, वडिलांचा छोटा गोठा. बीएस्सी सांगलीत, एमएस्सी पुण्यात, मग दोन वर्षं औषध कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाच्या तपासणीत, रात्रपाळी, २०११ साली पीएचडीला जर्मनी. पीएचडी झाल्यावर तिथे नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, त्यावर आठ महिने बेकरीच्या काउंटरवर ब्रेड विकला. मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, एकेक दीड वर्षाची कॉन्ट्रॅक्टं. गेली चार वर्षं लॅबची मशीनं विकणाऱ्या एका कंपनीत अॅप्लिकेशन स्पेशालिस्ट, म्हणजे गाडी घेऊन गावोगावच्या लॅबमध्ये जायचं, मशीन चालत नसेल तर का चालत नाही ते बघायचं. आता तिने दुधातल्या जंतूंची एक टेस्ट तयार केलीये, सुकवलेल्या गोळ्यांची, फ्रिज नको, मोठं मशीन नको. त्याची कंपनी काढायचीये. तिच्याच शब्दांत, "माझा सीव्ही म्हणजे गोधडी आहे, जिथे जे चिंधूक मिळालं ते जोडलं. नवरा म्हणतो एक युरोवाली कंपनी या महिन्यातच रजिस्टर करून टाक, बाकीचं बघू. आई फोनवर विचारते अजून किती वर्षं शिकणारेस. पुढच्या महिन्यात एका कॉन्फरन्समध्ये याच टेस्टचं पोस्टर लागतंय, तिथे कुणी गुंतवणूकदार भेटेल असं वाटतंय. मी करू का हे, की वेडेपणा आहे?"

अगं गोधडीवाले,

बाकी सगळं नंतर वाच, आधी ते पोस्टर थांबव. आज. आयोजकांना मेल टाक की तांत्रिक कारणाने मागे घेतेय. युरोपात पेटंटचा अर्ज टाकायच्या आधी तू स्वतःच जगाला दाखवलंस की ते नवीन राहत नाही, मग दाखवणारी तूच असलीस तरी काही उपयोग नाही. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे, तीच गोष्ट ऐकून आपल्याकडचे लोक समजतात सगळीकडे तसंच असेल. आणि सारांश आधीच त्यांच्या साइटवर चढला असेल तर ते वकिलाला पहिल्या वाक्यात सांगायचं, लपवायचं नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मी स्वतः १९९८ साली एका कॉन्फरन्समध्ये दीड मीटरचं पोस्टर लावून त्याच्यासमोर तीन तास हसत उभी होते, लोकांना हँडआउट वाटत होते, झेरॉक्स कमी पडल्या म्हणून खाली जाऊन अजून काढून आणल्या. सहा आठवड्यांनी पेटंट वकिलाकडे गेले तर त्या माणसाने एकच प्रश्न विचारला, कुठे दाखवलंत का हे? आणि मी त्याच्या टेबलावर तेच हँडआउट ठेवलं. त्याने ते उचललंसुद्धा नाही.

म्हणून तू पत्रात दुधातली चरबी आणि कॅल्शियम टेस्टला आडवे येऊ नयेत म्हणून काय युक्ती केलीस ते जे लिहिलंयस ना, ते मी वर छापलेलं नाही. आणि यापुढे मलाही लिहू नकोस, नवऱ्याच्या मित्रांच्या ग्रुपवर तर अजिबात नको.

आता दुसरी गोष्ट, ही पोस्टरपेक्षा मोठी आहे आणि पत्रात तू ती अर्ध्या ओळीत उरकलीयेस, "शनिवारी ऑफिसच्या लॅबमध्ये करून बघायचे." बाई गं. तुला वाटतंय शनिवार म्हणजे तुझा वेळ. जर्मनीत नोकरदारांच्या शोधांसाठी वेगळा कायदाच आहे, आणि तो फक्त वार बघत नाही, शोध तुझ्या कामातून निघाला का, किंवा कंपनीच्या अनुभवावर बराचसा उभा आहे का, हे बघतो. तसं असेल तर तो शोध कंपनीला लेखी कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, आणि कळवल्यापासून चार महिन्यांत त्यांनी "आम्हाला नको" असं लेखी सांगितलं नाही तर तो त्यांनी घेतला असं धरलं जातं. घेतला तर तुला मोबदला देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे हे खरं, पण मोबदला घेऊन तू कंपनी कशाची काढणार? बऱ्याचदा मशीन विकणाऱ्या कंपनीला गाईच्या दुधात काडीचा रस नसतो आणि ते लेखी सोडून देतात, तो कागद तुझ्यासाठी सोन्याचा. पण तो मागायचा कसा, कधी, किती सांगून, हे वकिलाला विचारूनच. तिथे पेटंट माहिती केंद्रं आहेत, त्यांच्याकडे पेटंट वकिलाबरोबरचा पहिला सल्ला फुकट मिळतो, अपॉइंटमेंट घे आणि जाताना नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन जा. शनिवारचे प्रयोग आजपासून बंद. राहवत नसेल तर घरी बसून वही लिही, तारखा टाकून.

तू म्हणशील मावशी एवढी का घाबरवतेय. करोनाच्या एमआरएनए लसींमागची ती कातालिन कारिको, तिची गोष्ट तुला माहितीच असेल, तुमच्या लोकांत तिची गोष्ट आता सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात, हंगेरीतल्या खाटकाची मुलगी, १९८५ साली नवरा आणि लहान मुलीला घेऊन अमेरिकेला निघाली तेव्हा पोरीच्या टेडी बेअरमध्ये ९०० पौंड शिवून नेले, १९९५ मध्ये विद्यापीठाने तिची पायरी उतरवली, आणि २०२३ ला नोबेल. ही कथा सांगणारे मधला एक अध्याय गाळतात. २००५ साली सहकारी ड्र्यू वाइसमनबरोबर तिने आरएनएमधला तो बदल शोधला, ज्यावर पुढे त्या लसी उभ्या राहिल्या, आणि मग दोघांनी स्वतःची छोटी कंपनीही काढली, आरएनएआरएक्स नावाची. ती चालली नाही. कारण पेटंट विद्यापीठाचं होतं आणि विद्यापीठाने त्याचं लायसन्स दुसऱ्याच एका कंपनीला दिलं. शोध यांचा, आणि यांच्याच कंपनीला तो वापरायला मिळेना. शेवटी २०१३ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ती जर्मनीत माइन्झला बायोएनटेक या लस कंपनीत नोकरीला आली. तेव्हा मला तिच्या जिद्दीबिद्दल कुणी सांगू नये, जिद्द तिच्याकडे हवी तेवढी होती, नव्हतं ते लायसन्स.

बरं, आता तुझी गोधडी.

तू सगळं पत्र असं लिहिलंयस जसं काही पीएचडी ही तुझी खरी पुंजी आणि बाकीचं सगळं नशिबाने केलेला टाइमपास. मला उलटं दिसतंय. पीएचडी तुझ्यासारख्या हजारोंकडे आहे आणि तुझ्या पीएचडीचा विषय (वाचला मी, दोनदा वाचला) दुधाच्या आसपासही नाही. सगळीच वळणं कामी येतात असंही मी म्हणणार नाही, ती पोस्टडॉकची शेवटची दोन कॉन्ट्रॅक्टं सरळ वाया गेलीत असं माझं मत आहे, विद्यापीठात मुदतीची कॉन्ट्रॅक्टं पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षंच, हा जर्मन नियम डोक्यावर टांगलेला असताना लोक नुसतं कॅलेंडर बघत पेपर लिहितात. पण ही चार वर्षं जी तू गाडीतून फिरलीस, ती बघ. लॅबमध्ये मशीन "बिघडलंय" म्हणून फोन येतो आणि तू जाऊन बघतेस तर किट फ्रिजच्या दारात ठेवलेलं असतं, किंवा पिपेट दोन वर्षांत तपासलेलं नसतं, किंवा टेक्निशियनने सूचनांचा कागद उघडलेलाच नसतो. तुझी टेस्ट गोळीच्या रूपात आहे, फ्रिज नको, दोनच पायऱ्या, हे तुला प्रोफेसरने शिकवलेलं नाही. हे तुला लोकांच्या फ्रिजच्या दारांनी शिकवलंय. आणि बेकरी! सकाळी सहाला रांगेत उभ्या असलेल्या सॅक्सन आजोबांची बोली जिला कळते ती गोठ्यात जाऊन बोलू शकते. तुझ्या जुन्या लॅबमधले किती भारतीय पोस्टडॉक जर्मन शेतकऱ्याशी पाच मिनिटं बोलू शकतील? सगळ्यांचं काम इंग्रजीत चालतं आणि दहा वर्षं राहून लोकांना "पिशवी नको" एवढंच येतं.

आणि वडिलांचा गोठा. पत्रातला तो एक परिच्छेद मी परत परत वाचला. प्लॅस्टिकची ती चार वाट्यांची पॅडल, एकेका सडाची धार एकेका वाटीत, मग वडील जांभळं द्रावण ओतून पॅडल गोल फिरवायचे आणि एका वाटीतलं दूध शेंबडासारखं लिबलिबीत व्हायचं, आणि आई म्हणायची "दगडी झालीये", म्हणजे कासेला सूज आलीये. तेव्हा तुला कळलं नव्हतं की त्या द्रावणातलं डिटर्जंट दुधातल्या पेशी फोडतंय आणि आतला डीएनए बाहेर येऊन ते चिकट होतंय. पण तुला तेव्हाच पडलेला प्रश्न बरोबर होता, दगडी झाली हे कळलं, पण कशाने झाली? पॅडल ते सांगत नाही. लॅबला पाठवलं तर जंतू वाढून कळायला एक-दोन दिवस जातात, तोवर डॉक्टर अंदाजाने इंजेक्शन ठोकून मोकळा. स्टॅफ ऑरियस हा जंतू असेल तर धार काढताना एकीचा दुसरीला जातो, तिला वेगळी ठेवायला हवी, आणि साधा ई कोलाय असेल तर पुष्कळदा अँटिबायोटिकची गरजच नसते. दोन्ही वेळा पॅडल एकच उत्तर देते.

तुझं गिऱ्हाईक इथेच बसलंय बघ आणि ते आत्ता आहे. युरोपात २८ जानेवारी २०२२ पासून जनावरांच्या औषधांचा नवा नियम लागू झाला, अँटिबायोटिक सरसकट, नुसतं खबरदारी म्हणून द्यायचं नाही. म्हणजे गाय आटवताना, व्यायच्या आधी तिचं दूध बंद करताना, जी पूर्वी प्रत्येकीच्या चारही सडांत ट्यूब भरून टाकायचे, ते आता तसं करता येत नाही, कुठल्या गाईला द्यायची आणि कुठलीला नाही हे ठरवावं लागतं, आणि ठरवायचं तर काहीतरी पुरावा लागतो. तो पुरावा तू विकायचा. तू पत्रात शेतकऱ्याला "जागरूक" करायच्या गोष्टी लिहिल्यायस, त्याची गरज नाही गं, कायद्याने त्याला आधीच जागं केलंय, आता त्याला फक्त विचार की आज तू हे कसं ठरवतोस आणि त्याचे किती पैसे जातात.

दहा गोठे आणि पाच जनावरांचे डॉक्टर. एवढ्यांना भेटायचं, टेस्टबद्दल अवाक्षर न काढता (पेटंट!), फक्त त्यांच्या कामाबद्दल विचारायचं. शेवटची गाय आटवली तेव्हा काय केलंत? सॅम्पल कुणी नेलं? रिझल्ट कधी आला? तोवर काय केलंत? आणि ऐकायचं. "फार छान कल्पना आहे" असं कुणी म्हणालं तर ते वहीत लिहूच नकोस, त्याला काही किंमत नाही. "मागच्या महिन्यात लॅबचं एवढं बिल आलं" हे लिही.

तुझी दुसरी कल्पना, माणसांच्या लघवीतल्या इन्फेक्शनची तशीच टेस्ट, जी तुला जास्त मोठी वाटतेय, ती बाजूला ठेव. मार्केट मोठं आहे हे मला मान्य. पण माणसांच्या टेस्टना युरोपात २०२२ च्या मे महिन्यापासून आयव्हीडीआर नावाचा कायदा लागू झालाय, त्याची कागदपत्रं, तपासण्या, अभ्यास, हे सगळं करता करता छोट्या कंपनीचा जीव जातो. गाई त्या कायद्यात येत नाहीत. गाईवर पहिली तीन वर्षं काढ, गोळ्या बनवायला शीक, पैसे मिळवायला शीक.

गोळ्या बनवायला शीक म्हणतेय ते मुद्दाम. तू लॅबमध्ये दोनशे गोळ्या केल्यास, दोनशे गोळ्या म्हणजे घरच्या दिवाळीचा फराळ. भोसरीत आमचं छोटं युनिट होतं, सुकवलेली एन्झाइमं विकायचो. मार्चमध्ये भरलेला पहिला मोठा लॉट अगदी फर्स्ट क्लास होता, सगळे कंट्रोल पास. जुलैत नागपूरहून फोन आला, मॅडम, पाकिटात काहीतरी ओलं आहे. मी म्हटलं शक्यच नाही. परत मागवून उघडलं तर गोळ्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या गुळासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. फॉइल स्वस्तातलं घेतलं होतं, माझ्याच सहीने, पाकिटामागे काही पैसे वाचवायला, आणि सील करायच्या खोलीत डीह्युमिडिफायर होता पण लाइट बिल येतं म्हणून जेवणाच्या सुट्टीत बंद करायचो. सगळा लॉट फुकट बदलून दिला, त्या वर्षीचा नफा त्यातच गेला. शोध माझा चांगलाच होता, मी बुडाले पाकिटात. तेव्हा टीममध्ये दुसरा पीएचडी घेऊ नकोस, ज्याने कारखान्यात पॅकिंग केलंय असा माणूस शोध.

आता कंपनी रजिस्टर करण्याचं. नवऱ्याला सांग, दम धर. एक युरोत यूजी, म्हणजे छोटी मर्यादित कंपनी, निघते हे खरं आहे, जीएमबीएचला, म्हणजे नेहमीच्या मर्यादित कंपनीला, २५,००० युरोचं भांडवल दाखवावं लागतं आणि त्यातले निदान साडेबारा हजार नोंदणीच्या वेळी भरावे लागतात, त्यामानाने यूजी स्वस्त वाटते (कंपनीचे कागद करणाऱ्या नोटारची फी दोन्हीकडे आहे). पण तुझ्यासारखीसाठी तिथे सरकारची एक्झिस्ट नावाची स्कॉलरशिप आहे, विद्यापीठातून विज्ञानाचा धंदा काढणाऱ्यांसाठी, पीएचडीवाल्याला महिन्याला ३,००० युरो, एक वर्ष, वर सामानाला आणि सल्लागाराला वेगळे पैसे. आणि ती कंपनी काढायच्या आधी मागायची असते. घाईने रजिस्टर केलीस तर स्वतःच्या हाताने दार लावून घेशील. अर्ज तू थेट करायचा नसतो, विद्यापीठ करतं, आणि विद्यापीठ सोडून पाच वर्षं व्हायच्या आतले लोक त्यात बसतात, तुला चार झालीत. म्हणजे वेळ आहे पण उन्हाळ्यात भारतात जाऊन आल्यावर बघू एवढा नाही. जुन्या विद्यापीठाच्या स्टार्टअप कचेरीत याच आठवड्यात जा, तुझ्या जुन्या प्रोफेसरशी संबंध बरे असतील तर त्यांना मार्गदर्शक म्हणून विचार, आणि बरे नसतील तर दुसरे कुणी बघ, तिथे रुसवेफुगवे काढत बसायचं नाही.

आणि राजीनामा? आत्ता नाही. तू अजून ब्लू कार्डवर आहेस आणि पीआरचा, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज केला नाहीस कारण जर्मन भाषेची बी-वनची परीक्षा द्यायची राहिलीये, हे वाचून मी कपाळावर हात मारला. अगं बी-वन असेल तर २१ महिन्यांत मिळतो, नसेल तर त्याखालच्या ए-वनवर २७ महिन्यांत, आणि तुझी चार वर्षं झालीत! ब्लू कार्ड हे नोकरीसाठी आहे, त्यावर आपला धंदा करायला परदेशी नागरिकांच्या कचेरीची वेगळी परवानगी लागते, नोकरी सोडलीस तर कार्डाचा पायाच गेला. पीआर असला की नोकरी कर, धंदा कर, कुणी विचारत नाही. तर क्रम असा लाव, पीआर, मग त्या कंपनीकडून शोध सोडल्याचा कागद, मग पेटंटचा अर्ज, मग एक्झिस्ट, मग राजीनामा, मग नोटार. यातली पहिली दोन कामं वकिलाच्या आणि सरकारच्या वेगाने चालतात, त्यात तुला काही करता येत नाही, तेवढ्या वेळात दहा गोठे होतात. घरखर्चाचं मात्र कागदावर मांड, आणि हेल्थ इन्शुरन्सचा अर्धा वाटा आता मालक भरतो तो उद्या कुणी भरणार नाही हे त्या कागदावर धर, बायका हे हमखास विसरतात कारण पगाराच्या स्लिपवर ते आधीच कापलेलं असतं.

वेडेपणा आहे का असं विचारलंयस. आपल्याकडे शंकर आबाजी भिसे होऊन गेले, १८६७ ला मुंबईत जन्म, लंडनला गेले, दादाभाई नौरोजींनी मदत केली, छपाईचे टाइप ओतणारं मशीन काढलं, भिसोटाइप, सर रतन टाटांनी पैसे घातले, कंपनी निघाली आणि बंद पडली. मशीन वाईट होतं म्हणून नाही. मग हा माणूस न्यूयॉर्कला गेला आणि टाइप सोडून आयोडीनचं औषध बनवायला लागला, अॅटोमिडीन, आणि ते खपलं. १९३५ साली तिथेच वारले. टाइपच्या ओतकामाचा आणि आयोडीनचा काय संबंध? मला तरी दिसत नाही. त्यांच्या काळात कुणी त्यांना सीव्ही मागितला नाही हे नशीब. तुझ्या गोधडीत निदान दूध, गोळी आणि गोठा एका रेषेत आहेत.

आईला सांग शिकणं संपलं, आता गोठा काढतेय. तिला ते लगेच कळेल. आणि वडिलांना विचार, ते जांभळं द्रावण कुठून आणायचे, बाटलीला किती पडायचे, आणि रिझल्ट कळल्यावर ते प्रत्यक्षात काय करायचे. हा तुझा अकरावा गोठा.

पोस्टर मागे घेतल्याचा मेल गेला की मला एका ओळीत कळव.